काला अंबला वाचलेलं भाषण

२ जानेवारी, शुक्रवार
खासदारसाहेबांच्या ऑफिसातला अकरावा दिवस. अजून ट्रायलवरच. जाहिरातीत 'संसदीय कामकाज व धोरणविषयक संशोधन' असं होतं. आजचं संशोधन: मतदारसंघातल्या सात जणांची वेटिंगची तिकिटं कन्फर्म व्हावीत म्हणून रेल्वेला सात पत्रं, एका आजोबांना हॉस्पिटलचा रस्ता समजावणं, आणि दोघांना संसद बघायचे पास.
देशमुखकाकांनी, म्हणजे साहेबांच्या पीएंनी, पत्रं माझ्याकडून वाचून घेतली. म्हणाले, 'आदरणीय' लिहिल्यावर पुन्हा 'महोदय' कशाला? मी एम.ए., आंतरराष्ट्रीय संबंध. खोडलं.
पक्कं करायचं की नाही ते साहेब अधिवेशनाआधी ठरवणार. बाबांची मुदतही महिनाअखेरपर्यंतच. नाहीतर परभणी, बी.एड., आणि मामांच्या शाळेत नागरिकशास्त्र. नागरिकशास्त्राशी भांडण नाही माझं. पण मला इथे राहायचंय.

४ जाने., रविवार
मयूर विहारचा फ्लॅट. निखत आणि मी, दोघी एकाच वर्गातल्या. ती मालेगावची. तिला गुरुग्रामच्या एका कंपनीत 'पब्लिक पॉलिसी'त घेतलंय. करतेस काय, विचारलं तर म्हणाली, मंत्रालयात जाऊन थांबते यार. आत बोलावलं की बोलते, नाही बोलावलं की उद्या पुन्हा.
आज चहा घेत वर्गातल्या सगळ्यांची उजळणी झाली. एक जण दूतावासात सकाळी सहाला वर्तमानपत्रं वाचून सारांश काढतो. थिंक टँकवाली सरांसाठी लेख लिहिते, खाली नाव सरांचं. एक निवडणुकांच्या वॉर रूममध्ये गेला होता, तो आता वडिलांचं मेडिकल बघतो आणि म्हणे पहिल्यांदा शांत झोपतो. बाकी सगळे यूपीएससी. मीही दोनदा दिली, पूर्वपरीक्षेच्या पुढे गेले नाही. तिसऱ्यांदा द्यायचा धीर नाही, हे बाबांना सांगितलेलं नाही.

८ जाने.
काकांनी खरं काम दिलं. चौदाला पानिपतला काला अंब, म्हणजे १७६१च्या लढाईचं स्मारक. दिल्लीतली, महाराष्ट्रातली मराठी माणसं तिथे जमतात, साहेब दरवर्षी जातात, पाच मिनिटं हिंदीत बोलतात. भाषण काका लिहितात. पण गेल्या आठवड्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. हिरवा चष्मा लावून बसतात, कागद नाकाजवळ नेला तरी अक्षर लागत नाही.
"तू लिही. दीड पान. शौर्य, बलिदान, नमन. बास."
गेल्या वर्षीचं मागितलं. त्याच्या गेल्या वर्षीचंही. दोन्ही एकच. शब्दसुद्धा बदललेला नाही. मला हसू आलं.

११ जाने., रवि.
दिवसभर तेच. चार पुस्तकं काढली. मुद्दा सापडला: आपण तलवारीत कमी पडलो नाही, एकटे पडलो. उत्तरेतले सगळे आधीच दुखावून ठेवलेले. त्या दिवशी बाजूने एकही जण उभा नव्हता. परराष्ट्र धोरण फसलं, सैन्य नाही. आणि त्यातून आजचा धडा: शेजारी जपा.
इतकं बरं खूप दिवसांत वाटलं नव्हतं. पाच वर्षं शिकलेलं काहीतरी कामाला आलं. नि. ला वाचून दाखवलं. म्हणाली, बिल्कुल सेमिनार पेपर वाटतोय. मी ती स्तुती समजले.

१३ जाने.
काकांना वाचून दाखवायला बसले. अर्ध्या पानावर फोन, मग दुसरा, मग कोल्हापूरहून आलेली माणसं. शेवटी म्हणाले, ठीक आहे, मोठ्या अक्षरात छाप. जाता जाता म्हणाले, साहेब आधी वाचत नाहीत हं. कागद पहिल्यांदा माइकसमोरच उघडतात. म्हणून मी दरवर्षी तेच देतो.
हे मी ऐकलं आणि तसंच पुढे गेले.

१४ जाने., बुधवार
धुकं. पोचायला तीन तास. लोक स्मारकापुढे वाकून तिथली माती कपाळाला लावत होते. एक बाई साताऱ्याहून मुलाला घेऊन आलेली, रडत होती. मलाही भरून आलं.
पुढच्या रांगेत आजूबाजूच्या गावांतली पागोटेवाली म्हातारी मंडळी. आलेल्या मराठी माणसांना दरवर्षी हीच मंडळी जेवू घालतात. हे मला तिथे गेल्यावर कळलं.
साहेबांनी छान सुरुवात केली. मग माझं वाक्य आलं, 'उस दिन इस धरती पर हमारा एक भी साथी नहीं था, कोई मदद को नहीं आया।' अर्ध्यावर त्यांचा आवाज उतरला. त्यांना समोरचे चेहरे दिसत होते. पण हातात तोच कागद. शेवटपर्यंत वाचला. टाळ्या पडल्या, पागोटेवाल्या रांगेतून नाही.
आभारासाठी त्याच रांगेतले चौधरीजी उठले. ऐंशीच्या पुढचे असतील. आवाज चढवला नाही. म्हणाले:
"सांसद जी ने ठीक पढ़ा। राजा कोई नहीं आया। पर हमारे बड़े बताते थे, लड़ाई के बाद जो घायल बचे, उनको इन्हीं गाँवों ने छुपाया, रोटी खिलाई। वो भी लिखवा लेते।"
मग सगळ्यांना पंगतीला बसवलं. मलाही. माझ्या पानात त्यांनी स्वतः खीर वाढली.
घरी येऊन पुस्तकं उघडली. चारपैकी दोन पुस्तकांत ते आहे. शेवटच्या प्रकरणात, युद्धानंतरचं. मी हार होईपर्यंतच वाचलं होतं. आमच्या विषयात राज्यं असतात, गावं नसतात.

१५ जाने.
साहेबांनी काकांना आत बोलावलं. दार नीट लागत नाही, सगळं ऐकू आलं. बावीस वर्षं लिहिताय, आणि हे? काका म्हणाले, माझ्याकडून राहिलं साहेब. माझं नाव घेतलं नाही.
मी बाहेर खुर्चीत. उठायला हवं होतं. उठले नाही.
बाहेर येऊन काकांनी विचारलं, नांदेडवाल्यांचं तिकीट झालं का.

१७ जाने., शनि.
नि. ला सांगितलं. ती म्हणाली, त्यांनी घेतलं ना अंगावर, मग गप्प बस. महिना जाऊ दे, पक्की हो, मग माफी माग. तिच्यावर चिडले. दोन दिवस माझ्या मनात तेच चाललं होतं म्हणून.

१९ जाने., सोमवार
आत जाऊन सांगितलं. भाषण मी लिहिलं, काकांचा दोष नाही, त्यांना अजून अक्षर दिसत नाही, त्यांनी वाचलेलंच नव्हतं.
साहेब सह्या करत होते. वर बघितलं.
"एवढ्या दिवसांत त्यांना काहीच वाचता येत नाही?"
नाही म्हटलं. बरं, म्हणाले, आणि अधिवेशनासाठी तीन प्रश्नांचे मसुदे करायला सांगितले. निर्यातीवर दोन, पासपोर्ट केंद्रावर एक. बाहेर आले तेव्हा पिसासारखी हलकी झाले होते.
दुपारी काकांकडून नंबर घेऊन चौधरीजींना फोन. माफी मागितली. ते हसले. म्हणाले, "बेटी, अगली बार लिखने से पहले हमसे पूछ लेना।"

२१ जाने.
प्रश्न संसदेत गेले. साहेबांनी एकही शब्द बदलला नाही. विचारायचं काय हे मला कळतं, हे आज पहिल्यांदा कळलं. त्याआधी काकांनी मसुदा तपासून दिला होता. म्हणजे मी वाचला, त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि दोन चुका काढल्या.

२३ जाने., शुक्रवार
साहेबांनी बोलावलं. पक्की.
एवढंच लिहून थांबायला हवं होतं.
पुढे म्हणाले, वेगळी जागा नाहीये. काकांच्या जागेवर बसायचं, अधिवेशनापासून. "तूच म्हणालीस ना, त्यांना दिसत नाही म्हणून? मी इतके दिवस सांभाळून घेत होतो, मला वाटलं थोडा त्रास असेल. अधिवेशनात असा माणूस कसा चालेल?" मी म्हटलं, ते ऑपरेशनमुळे आहे, महिन्याभरात नीट दिसेल. म्हणाले, महिन्याभरात अधिवेशन अर्धं होतं. सोमवारी झेंडावंदनानंतर सांग. तू नाही म्हणालीस तर दुसरं कोणी बघतो.
त्यांना वाचवायला गेले होते.

२४ जाने., शनि.
ऑफिसला सुट्टी, तरी गेले. काका होते. त्यांना कळलेलं होतं. मला कोणत्या खात्यात कोणाला फोन करायचा ते सांगत बसले, कोणावर विश्वास ठेवायचा, कोणाला सणाला विसरायचं नाही. मी लिहून घेत होते.
म्हटलं, काका, मी नाही म्हणते. म्हणाले, तू नाही म्हणून मी राहणार आहे का? हो म्हण. मला गावाला जायचंच होतं.
मंगळवारीच सांगत होते, टाके निघाले की नवा चष्मा, आणि अधिवेशनाला पहिल्या दिवशी नवा कोट.
नि. म्हणते, त्यांनी स्वतः सांगितलंय, मग अडतंय कुठे. मला ती खुर्ची हवी आहे. हेच तर अडतंय.

२५ जाने., रवि.
बाबांचा फोन. महिना संपत आला, मामा विचारतायत, फॉर्म भरायचा का?
म्हटलं, नोकरी लागली.
बाबांचा आवाज एकदम बदलला, आईला हाक मारायला लागले. मी म्हटलं, थांबा, आईला नका सांगू अजून.
"का गं? लागली म्हणालीस ना?"
म्हटलं, लागली आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.
"म्हणजे नक्की काय?"
उद्या सांगते म्हटलं. फोन ठेवला नाही त्यांनी. मीही नाही ठेवला.