लाल मॅग्नेट

शनिवार, १४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघा काय म्हणतो? जिने चढू नकोस म्हटलं तर ऐकशील तर शपथ! मी मजेत. खिडक्यांना नवे पडदे लावले. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मला बोलू कुठे देतेस?

शाळेत सध्या इंग्रजी शब्दांची जोडाजोडी चालू आहे. ‘डिड’ आणि ‘नॉट’ जोडून ‘डिडन्ट’. त्यातला ओ गळतो, त्याच्या जागी वर स्वल्पविरामासारखं चिन्ह येतं. फळ्यावर मी तिथे लाल मॅग्नेट चिकटवते. पोरांना भारी मजा वाटते. हे मी झोपेतसुद्धा चुकणार नाही, अशी फुशारकी मारत असते.

गुरुवारी वह्या तपासल्या. अख्ख्या वर्गाचं चिन्ह एकाच चुकीच्या जागी, डी आणि एनच्या मध्ये. एकमेकांचं बघून लिहिलं म्हणून चांगली खरडपट्टी काढली. तेव्हा पहिल्या बाकावरची आमची आगाऊबाई उठली.

“बाई, फळ्यावर तुम्हीच तसं लावलंय. आधी वेगळं होतं. आम्हाला वाटलं, आता नियम बदलला.”

वळून पाहिलं, तर खरंच. मॅग्नेट पुढे सरकवलं, परत मागे आणलं. वह्यांमधली चूक मला स्वच्छ दिसली होती, आणि आता दोन्ही जागा बरोबर वाटायला लागल्या. काही केल्या कळेना गं. मॅग्नेट त्या पोरीच्याच हातात दिलं. तिने झटक्यात बरोबर लावलं. वर्गाला तो खेळच वाटला, टाळ्या वाजवल्या. मीही हसले.

मग वाटतं, उगाच बाऊ करतेय, थकले असेन. पण काल मी जुन्या घराच्या कुलपाला किल्ली लावत उभी होते. आता तिथे राहणाऱ्या बाई भल्या, त्यांनी बसवून चहा दिला.

आईचं असंच सुरू झालं होतं का? तू तिच्याजवळ होतीस. मी विचारलं की म्हणायचीस, “काही नाही गं, वय झालंय.” मला घोर लागू नये म्हणून म्हणायचीस, ते मला तेव्हाही कळायचं.

पुढच्या आठवड्यानंतरच्या सोमवारी, २३ तारखेला, डॉक्टरांकडे जायचंय. मला फार भीती वाटतेय. वर काय लिहिलं ते सोड, माझा जिना तेवढा चढ. डॉक्टर सांगतील ते माझ्या शेजारी बसून ऐक आणि बाहेर आल्यावर मला खरं ते सांग. ‘काही नाही गं’ म्हणू नकोस.

तुझी, अजून तरी शहाणी,
धाकटी