न तुटलेली लाल रेघ

बुधवार, संध्याकाळ

इंजिनाचा बोल्ट खोलला की त्यावरची लाल रंगाची रेघ तुटते. आज चिकलठाणा विमानतळावर माझ्या विमानाचं इंजिन पाहिलं, तर रेघ अखंड. देखभालीच्या वहीत मात्र ‘खोलून तपासलं’ आणि खाली हबीबचाचांची सही. बाबांच्या काळापासून तेच आमचे इंजिनिअर.

विचारलं तर उसळले. “उडवायला आलं म्हणून मला शिकवतो व्हय?”

मी नुसतं रेघेकडं बोट दाखवलं. मग त्यांनी हात पुढं केला. थरथरत होता. “पाना धरवत नाय, बेटा.”

हे मला आधी कसं दिसलं नाही?

विमान खात्याकडं तक्रार केली तर त्यांचं लायसन जाणार. तेच म्हणाले, “लिही. तुझी पोरगी बसती त्यात.”

तिथंच लिहिली, वाचून दाखवली.

“अजून दोन विमानं लिही. त्यांचीबी न खोलताच सही केलीय,” म्हणाले.