शिवकन्याची अक्षरं, माझ्या हातची

४ मे, सकाळ.
निश्चय. शिवकन्या पाच वर्षांची झाली. जूनमध्ये कन्नड शाळेत जाईल. त्याआधी मराठी अक्षरं घरीच, मी शिकवणार. पाटी बंद. सगळं हातकामातून. व्हिडिओ बघितलाय, जवळजवळ पूर्ण. बायको, रूपाली, म्हणाली, वीस तारखेपर्यंत पोरीला चार अक्षरं न्हाई आली तर? म्हटलं, तर खुशाल शेजारच्या नागरत्ना अक्कांकडे शिकायला पाठव. वेळच येणार नाही.

५ मे.
पुठ्ठ्याचा 'अ' कापला. अप्रतिम. शिवकन्या कात्री मागत होती. दिली नाही. कडा बिघडतात. आधी बघून शिकावं.

९ मे.
'क'वर ज्वारीचे दाणे चिकटवले. दोन तास. तिनं एक दाणा वाकडा लावला, मी काढून सरळ लावला. ती उठून गेली. लक्ष टिकत नाही. आईवर गेलीय.

१३ मे.
मातीचा 'ग'. शिवकन्याला पाणी आणायचं काम दिलं. महत्त्वाचं काम आहे. दुसऱ्या फेरीनंतर आलीच नाही. दुपारी कोंबड्यांनी 'क' खाल्ला. रूपाली म्हणाली, कुणाच्या तरी पोटात अक्षर गेलं बगा.

१८ मे.
मेहुणा रत्नपाल चिंताकीहून आला. बावीस अक्षरं ओट्यावर मांडून दाखवली. खूश झाला. मग त्यानं शिवकन्याला विचारलं, हे काय गं? म्हणाली, पुठ्ठा हाय. निरीक्षण चांगलं आहे.

२० मे.
मुदत. 'अ' सोडून काही ओळखेना. औरादच्या उन्हात कुणाचं डोकं चालतं? रूपालीनं अक्कांकडे धाडलं. पोरगी पळत गेली. नव्या जागेची भीती असेल.

२६ मे.
अक्कांकडे डोकावलो. अक्का भाजी निवडत बसलेल्या, पोरं कोपरापर्यंत चिखलात. ह्याला शिकवणं म्हणतात? घरी संध्याकाळ रिकामी जाते. खरं सांगायचं तर पोरगी तासभर माझ्यापाशी बसावी म्हणूनच हे सगळं काढलं होतं.

३० मे.
जाहीर केलं, उद्यापासून माझा वर्ग पुन्हा सुरू. नवा पुठ्ठाही आणला. शिवकन्या ऐकत होती, काही बोलली नाही. म्हणजे तयार आहे.

३१ मे, सकाळी सात.
नव्या पुठ्ठ्यावर ओल्या मातीची दोन अक्षरं. वाकडी. टिंबाच्या जागी चिंचोका. सगळीकडे इवल्या बोटांचे ठसे. रूपालीला विचारलं, तू सांगितलंस? म्हणाली, न्हाई ओ, उठल्या उठल्या एकलीनंच केलंय.

'नगं.'

वाचायला काहीच अडचण आली नाही. वाईट वाटलं, खूप वाटलं. उन्हात वाळत ठेवलंय. आज वर्ग भरला नाही.