काही करत नाही हो तो

१ नोव्हेंबर, शनिवार. स. ७.४०
कादंबरी काल डब्लिनला गेली. नोकरी. तिचा कुत्रा आता आमच्याकडे. विमानतळावर म्हणाली, बाबा, महिनाभर बघू, नाही जमलं तर मोकाला हिंजवडीला माझ्या मैत्रिणीकडे, शेफालीकडे देऊ. नाही जमलं तर म्हणे. तेवीस वर्षं कंपनीत शिस्तभंगाची प्रकरणं हाताळली. मी कँटीनमध्ये शिरलो की युनियनवाले अर्धा चहा टाकून उठायचे. आणि मला एक कुत्रा फिरवणं जमणार नाही?
मोका हे नाव कॉफीवरून ठेवलंय. मी मोकाशी म्हणतो. वजन येतं.
कुसुम फोनवर बहिणीला सांगत होती, व्हीआरएस घेतल्यापासून हे काही करत नाहीत. मी शेजारच्याच खोलीत होतो. बायकोला चाळीस वर्षांत हळू बोलता आलेलं नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार
टेकडीच्या रस्त्यावर तात्यारावांचे दोन कुत्रे, दोन्ही सुटे. मोठा सरपंच, धाकटा उपसरपंच. ही नावं आहेत. (तात्याराव म्हणजे ज्यांच्या शेतावर आमची सोसायटी उभी आहे ते. स्वतः अजून मागच्या बाजूला गोठा करून राहतात.) सरपंच दात विचकून थेट अंगावर आला. मी तत्काळ कट्ट्यावर चढून परिस्थितीचा आढावा घेतला. मोकाशी खालीच राहिला, कारण पट्टा हातातून सुटला होता. तो उताणा पडून पोट दाखवत होता. डावपेच असावा.
तात्याराव शंभर फुटांवरून म्हणाले, काय करीत न्हाय ओ त्यो. पट्टा का बांधत नाही, विचारलं. म्हणाले, वावर आमचं हुतं, कंपाउंड कुठं आलं ते त्याला काय ठावं. म्हटलं, कुत्रा तीन वर्षांचा, सोसायटी अठरा वर्षांची. म्हणाले, मग आज्यानं सांगितलं आसंल.
या माणसाचा मला मनापासून राग आलेला आहे. नोंद असावी.

४ नोव्हेंबर
तात्यारावांना कारणे दाखवा नोटीस दिली. दोन प्रतींत. लेखी खुलासा अठ्ठेचाळीस तासांत. पोच म्हणून सही मागितली. केली. वर विचारतात, सरपंचाचा बी अंगठा घेऊ का.

६ नोव्हेंबर
खुलासा आला. म्हणजे माझी नोटीसच परत आली. तिच्यात घरची मेथी गुंडाळलेली. कुसुमने लगेच भाजी केली. मी निषेध म्हणून एकच पोळी खाल्ली. नंतर दीड.

८ नोव्हेंबर, शनिवार
इंटरनेटवर वाचलं की अंगावर येणाऱ्या कुत्र्यासमोर छत्री फाटकन उघडावी, कुत्रा दचकतो. उघडली. कुत्रा दचकला. आपला. मला थेट लिफ्टपर्यंत ओढत नेलं. गुडघा सोलवटला. पण हल्ला टळला, हे तांत्रिकदृष्ट्या मान्य करावं लागेल.

११ नोव्हेंबर
बिस्किटं फेकून लक्ष विचलित केलं. संपूर्ण यश. दोघे खात बसले, आम्ही निसटलो. इतकं सोपं होतं.

१२ नोव्हेंबर
दोघे सोसायटीच्या गेटवरच वाट बघत बसलेले.

१३ नोव्हेंबर
चार होते. नवीन दोघांची नावं माहीत नाहीत. पुडे संपले. आम्ही जिन्यात थांबलो. पाऊण तास.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सौम्य धोरण बंद. जाड काठी आणली, शिट्टी आणली. गच्चीवर जाऊन आवाजावर मेहनत घेतो आहे. कंपनीतला आवाज अजून शाबूत आहे. खालच्या मजल्यावरून कोणीतरी गॅस लीक आहे का म्हणून वर आलं.
रस्त्यावर दरारा बसतो आहे. लोक मला बघून पलीकडच्या बाजूने जातात. बी विंगच्या हेमाताई तर नातीला कडेवर घेऊन भिंतीला लागून उभ्या राहतात. आदर कमवावा लागतो.
मोकाशी हल्ली मी पट्टा हातात घेतला की पलंगाखाली जातो. थंडी वाढली आहे.

२० नोव्हेंबर
कादंबरीचा व्हिडिओ कॉल. म्हणाली, मोका बारीक का दिसतोय. म्हटलं, कॅमेरा. मग आईला विचारलं. कुसुम म्हणाली, तुझे बाबा सांगतील. म्हणजे काय ते मी विचारलं नाही.
दहा दिवस उरले. हा गेला तर मला सकाळी सहाला उठायचं काही कारण नाही. या घरात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारा हा एकटाच आहे. कुसुमला हे सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार. दु. १२.१५
सकाळी सरपंच वीस फुटांवर आला. मी शिट्टी फुंकली, काठी उगारली आणि छातीच्या तळापासून ओरडलो. सरपंच जागच्या जागी थांबला. मान वाकडी करून बघत राहिला. मी जिंकलो होतो.
मग हातात बघितलं. पट्टा होता, गळपट्टा होता, मोकाशी नव्हता.
अडीच तास शोधलं. पार डेपोपर्यंत गेलो, शिट्टी वाजवत. आता वाटतं, शिट्टी वाजवायला नको होती. तिकडे रस्ता खणलाय, धूळ फार. डोळ्यांत गेली.
कुसुमने शोधला. तात्यारावांच्या गोठ्यात सरपंचाला टेकून झोपला होता. कुस्करलेली दूध-भाकरी खाल्ली होती. माझ्याकडे पंधरा दिवस दोन घासांवर उठतो. ओलीस ठेवला होता, असं माझं मत. तात्याराव तिला म्हणाले म्हणे, लई भ्यालं हुतं बिचारं. कुणाला, ते कुसुमने सांगितलं नाही. घरी आल्यावर तिने काठी माळ्यावर टाकली.

२६ नोव्हेंबर
काल आणि आज कुसुम घेऊन गेली. गॅलरीतून पाहिलं. सरपंच पुढे, मोकाशी मध्ये, उपसरपंच मागे. कोणी कोणावर भुंकलं नाही. तात्यारावांनी तिला मुळे दिले. हे सगळं माझ्या आधीच्या कारवाईचं फळ आहे, पण श्रेय मागायला जाणार नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
कादंबरीचा फोन. मोका इथेच राहणार. एकच अट, सकाळी आईने न्यायचं. म्हणजे जमलं. मी आनंदाने होकार दिला. मागितला कोणी नव्हता.
तरी देखरेख हवी. माळ्यावरून काठी काढली आणि सहा वाजता कुसुमच्या मागे दहा पावलं ठेवून निघालो. वळणावर समोरून हेमाताई आल्या. थबकल्या, नातीला कडेवर घेतलं. कुसुम पुढून, तात्यारावांच्याच सुरात म्हणाली, या खुशाल हेमाताई, काही करत नाहीत हो ते.
मी काठी सरसावून मागे वळलो. सरपंच नव्हता. उपसरपंचही नव्हता. पार चौकापर्यंत रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं.
हेमाताई माझ्यावरची नजर न काढता भिंतीकडेने पुढे गेल्या. शिट्टी खिशात ठेवली.