मांजरां आहेत, वाघ नाय

प्रिय चैत्रालीताई,

फोन केला नाही. आपल्या खोलीत बोललेलं ओट्यावर बसलेल्या बाबांना ऐकू जातं. तुळसामावशी उद्या, रविवारी, अर्नाळ्याला तुमच्याकडे येतेय, तिच्या सुक्या बोंबलांच्या पिशवीत हे पत्र ठेवतोय. माझी शाळा नववीत सुटली तरी तुला खाडाखोड दिसू नये म्हणून आधी कच्चं लिहून काढलं.

बाबांचे हात सुधारलेत, हे आईने सांगितलंच असेल. परळच्या हॉस्पिटलात संशोधनासाठी जी पट्टी लावतात, तिच्यामुळे. तिथल्या ललितामॅडमनी मला समजावलं की कंपवातात मेंदूतलं डोपामाइन नावाचं रसायन कमी पडतं. गोळी पोटातून जाते, कधी एकदम चढते, कधी मध्येच उतरते, म्हणून बाबा घास हातात धरून थिजायचे. पट्टी कातडीतून दिवसभर थोडं थोडं औषध सोडते. कुणाच्या पट्टीत औषध आणि कुणाची नुसतीच, हे मॅडमनाही माहीत नसतं. पण तीन आठवड्यांत बाबा जाळं विणायला बसले. सहा वर्षांनी, ताई! शेजारचे उत्तमकाका म्हणाले, "काय रे, आता होडीवर पण चढशील काय?" आई तोंडाला पदर लावून आत गेली.

हॉस्पिटलची वही माझ्याकडे असते. दर अर्ध्या तासाला हात चालू की बंद, ती खूण करायची. पानाच्या तळाशी एक प्रश्न आहे: नसलेलं काही दिसलं का? मी रोज 'नाही' लिहायचो. बाबा जेवताना माशाचं डोकं कपाटामागे सरकवत, "ये गो, खा" म्हणत. कोळीवाड्यात मांजरांना काय तोटा? मी वहीतून मान वर केली नाही. मग खोलीत वास सुटला म्हणून कपाट हलवलं. मागे डोकी तशीच, मुंग्या लागलेली. त्या फटीत मांजराचा पंजासुद्धा शिरणार नाही.

विचारलं तर शांतपणे म्हणाले, पाच आहेत. खरी नाहीत, ते माझं मला कळतं. "लिवू नको, निम्या. पट्टी काढतील. मांजरां आहेत, वाघ नाय." मला हसू आलं. आणि मी लिहिलं, 'नाही'. असं अकरा दिवस लिहिलं, माहीत असून. रोज वही मिटायचो. मग जाळं किती वाढलं ते जाऊन बघायचो आणि स्वतःची समजूत घालायचो.

परवा सकाळी बाबा घरापुढच्या धक्क्याच्या कडेला गेले. पाण्यात पिल्लू पडलंय म्हणाले आणि वाकून एक पाय खाली सोडला. ओहोटी होती, खाली नुसते दगड. उत्तमकाकांनी सदरा धरून मागे ओढलं, मग आईबहिणीवरून शिव्या घातल्या. बाबा त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते. या वेळी पिल्लू त्यांना खरं वाटलं होतं, ते त्यांनाही कळलं होतं.

त्या वहीत चूक पुसायची नसते. एकच आडवी रेघ, शेजारी खरं उत्तर, सही, आजची तारीख. आज मी अकरा ठिकाणी तसं केलं. सह्या एकसारख्या आल्या नाहीत. हे भास पट्टीमुळे होत असतील, तर याच पट्टीवर आणखीही माणसं आहेत, ताई. कुणाच्या घरापुढे धक्का नसेल, जिना असेल.

सोमवारी दहाला वही मॅडमकडे जाईल. बाबांना मी उद्या संध्याकाळी सांगणार आहे. औषध कमी करतील की पट्टीच काढतील, मला माहीत नाही. जाळं अर्धं झालंय. हात पुन्हा बंद पडले तर ते गुंडाळून माळ्यावर टाकतील, मी त्यांना ओळखतो. मला विणता येत नाही, एक गाठ नीट बसली का हे बघण्यातच माझा दिवस जातो. "पोरीला काय जाळं शिकवतोस?" म्हणून सगळे हसत होते, तेव्हा बाबांनी तुला शिकवलं. म्हणून हे पत्र. सोमवारी ये. माझी बाजू घेऊ नकोस. त्यांच्या शेजारी बस आणि जाळ्याचं दुसरं टोक धर.

तुझाच, वाटेकडे डोळे लावून,
निमेश