वरचा झिरा

गुरुजी, तुम्ही शिकवलेला तेरणेचा धडा मला अजून पाठ आहे. वाशीकडच्या डोंगरात उगम, मांजरेची उपनदी, मांजरा पुढं गोदावरीला मिळते. फळ्यावर निळ्या खडूनं नदी काढून तुम्ही आपल्या गावाचा ठिपका इतक्या हलक्या हातानं तिच्या काठावर टेकवायचात, की वाटायचं, या माणसाचा नदीवर फार जीव आहे. म्हणून तर राग जास्त. अडाणी माणसाला मी केव्हाच माफ केलं असतं.

बाहत्तरच्या दुष्काळात तेरणेत नुसती वाळू होती. वाळूत झिरा खणायचा आणि पाझरेल ते पाणी वाटीनं घागरीत भरायचं. गावाचा झिरा वरच्या अंगाला, आमच्या बौद्ध वस्तीचा खालच्या. आमचा आटला, तेव्हा आईनं गावाच्या झिऱ्याच्याही वर, वीसेक पावलांवर नवा खणला. कोपरापर्यंत वाळूत हात घालून ती हसतेय, पाणी लागलंय, हे मला आत्ताही दिसतं. तेवढ्यात गावातली मंडळी आली. "आमचं पाणी बाटतंय," म्हणाली. तुम्ही घागर घेऊन तिथंच उभे होतात. आई म्हणाली, "नदी वाहत न्हाय, मग बाटंल कसं? गुरुजी, तुमीच सांगा ह्यांला." तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "बाई, पाणी वाळूखालूनही वाहतंच. वरून खाली." बाटतं म्हणाला नाहीत, बाटत नाही असंही नाही. त्यांनी पायानं वाळू लोटून झिरा बुजवला. त्या उन्हाळ्यात आई दोन कोसांवरून पाणी आणत राहिली.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी उभी राहिले. "गुरुजी, नदीला वर लागणाऱ्या गावातली आमची माणसंबी नदीतच झिरा खणतेत. त्यांचा खालचा झिरा आपल्या गावाच्या वरच्या झिऱ्याच्या वरच की! मग तुमचं पाणी रोजच बाटतंय का?" तुमच्या हातातला खडू मोडला. "खाली बस," एवढंच म्हणालात. उत्तर तुम्हाला येत होतं, गुरुजी. ते आदल्या दिवशी नदीत द्यायचं होतं. अख्ख्या नदीचा नकाशा पाठ असलेला माणूस वीस पावलांसाठी गप्प बसतो, याला काय म्हणायचं?

पुढं माकणीला धरण झालं, गाव उठलं, दोन्ही झिरे एकाच पाण्याखाली गेले. मीही भूगोलच शिकवला, निवृत्त झाले. तुम्ही जाऊनही वर्षं लोटली; हे पत्र टाकायचं तरी कुठं? पण एक सांगते, दुसऱ्या कुणाला सांगवत नाही. परवा नातीला धरणाखालची नदी दाखवायला नेलं होतं. एक बाई घागर भरत होती. माझ्याही नकळत मी नातीचा हात धरून तिच्या खालच्या अंगाला गेले, आणि मगच पाण्यात हात घातला.