बांगड्यांवरची पट्टी

सोलापूर, भाद्रपद, १९३४

म्हाळसाबाईंना नमस्कार.

दसऱ्यानंतर राउंडर्सचे सामने आहेत, म्हणून शाळेत मुलींची तयारी सुरू केली आहे. चेंडू झेलताना बांगड्या फुटून हात कापतात. त्यामुळे मी सगळ्यांना त्या आधी उतरवायला लावते. गेल्या वर्षी तुम्ही मैदानावर येऊन मला बजावलंत, "सून खेळू दे की, पर सवाष्णीचा हात मोकळा दिसाया नको." तेव्हापासून तुमच्या मायाक्काच्या बांगड्यांवर मी रोज कापडाची पट्टी बांधत असे.

तुमचा मुलगा गुंडा वारल्यावर ती आज पहिल्यांदा खेळायला आली. सासूबाईंनीच पाठवलं, म्हणाली. मी सवयीने पट्टी घेऊन तिच्यापुढे गेले आणि तिचे मोकळे हात पाहून तिथेच थांबले. मायाक्काने मनगट पुढे केलं.

"बांधा की, बाई. हात लई हलका लागतोय. झेल सुटतोय."

मी बांधली. मग रोजच्यासारखा सराव झाला. तिने एकही झेल सोडला नाही.

एवढंच कळवायचं होतं. पण तुम्हाला वाचता येत नाही. घरात वाचणारी तीच एक आहे. म्हणून हे पत्र टाकत नाही.

खेळाच्या बाई,
द्वारका